मुंबई ते लंडन : दोनशे वर्षांची वाट

इसवी सन १७७५ च्या मार्च महिन्यात रघुनाथरावदादा आणि मुंबईकर इंग्रज यांच्यामध्ये सुरतेस जो तह झाला, त्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यावयाची आणि त्याच्या मोबदल्यात इंग्रजांनी दादासाहेबांना पेशवाईच्या मसनदीवर बसवावयाचे, असा मुख्य करार होता. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाला हा व्यवहार मान्य झाला नाही. मुंबईकरांनी आपल्या अखत्यारीबाहेर जाऊन हे लचांड मागे लावून घेतले असे ठरवून कलकत्तेकरांनी कर्नल अप्टन यास वकील म्हणून पुण्याकडे रवाना केले, आणि १७७६ च्या मार्चात पुरंदर येथे पुणे दरबाराशी निराळाच तह केला. हा तह होऊन काही महिने लोटतात न लोटतात तोच लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांचा खलिता मुंबईत येऊन पोचला. सुरतेचा तह आम्हांस मान्य आहे, असा त्यातील मजकूर होता. डायरेक्टरांनी तो मजकूर लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर जी परिस्थिती होती, ती खलिता मुंबईच्या बंदरात उतरला तेव्हा अस्तित्वातच उरली नव्हती. पण हुकूम तो हुकूम! त्याचा आधार घेऊन मुंबईकरांनी दादासाहेबांचा पक्ष पुन्हा उचलला, १७७९ च्या जानेवारीत वडगावला त्यांची फजिती झाली, आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह होईपर्यंत दोन्ही बाजूंची माणसे मरत राहिली.

त्या युद्धाची कारणे अनेक होती आणि इंग्रजांचा साष्टीवरील डोळा तर फार जुना होता, हे मी विसरत नाही. तथापि मुंबई आणि लंडन यांच्यामधील अंतर ही केवळ भूगोलाची बाब नसून राज्यकारभाराची, किंबहुना न्यायान्यायाचीही बाब होती, हे दाखविण्यास इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. आकाशातून सरळ रेष ओढली तर ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे ७,२०० किलोमीटरांवर आहेत, आणि ती त्या काळीही तितक्याच अंतरावर होती. परंतु शिडाच्या जहाजाला आफ्रिकेचे दक्षिण टोक वळसा घालून जावे लागे, म्हणजे सुमारे १०,७०० सागरी मैल, अर्थात १९ ते २० हजार किलोमीटर चालावे लागे. वारा अनुकूल असला तर पाच-सहा महिने आणि प्रतिकूल असला तर त्याहूनही अधिक काळ लागे. पत्र धाडून त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष सहज उलटून जाई.

या दिरंगाईचा भार सगळ्यांवर सारखा पडत नव्हता. ज्याच्या हाती मुलूख आणि फौज, त्याला विलंब सोयीचा, कारण हुकूम यायच्या आत तो आपले काम उरकून घेई. आणि ज्याला दाद मागावयाची, त्याला तोच विलंब प्राणघातक. दादासाहेबांचे वकील हणमंतराव आणि मणियार पारशी हे १७८१ मध्ये विलायतेस पोचले, एडमंड बर्क याने बीकन्सफील्डच्या आपल्या घरी त्यांचा आदराने पाहुणचार केला. पण ज्यांच्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला त्या दादासाहेबांचे भवितव्य शेवटी ठरले ते ग्वाल्हेरीच्या मुलखातील सालबाईस. त्याहून हृदयद्रावक प्रकरण रंगो बापूजींचे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत होऊन काशीस रवाना झाले, आणि त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले ते १८५३ पर्यंत तेथेच ठाण मांडून राहिले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांसारख्या मंडळींनी त्यांची बाजू उचलून धरली, सभा झाल्या, अर्जांवर अर्ज झाले. इकडे १८४७ मध्ये महाराज काशीस वारले, पुढल्याच वर्षी त्यांच्या जागी गादीवर बसलेले आप्पासाहेबही वारले, आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. ज्या धन्यासाठी वकिली चालली होती तो धनी गेला आणि ज्या गादीसाठी चालली होती ती गादीही गेली, तरी वकील लंडनच्या धुक्यात आपले कागद सांभाळीत उभाच होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी या पुरुषाचे चरित्र लिहून महाराष्ट्रावर उपकार केले आहेत; ते वाचताना अंतर हे सुद्धा सत्तेचे एक हत्यार असते, ही जाणीव पदोपदी होते.

रंगो बापूजी लंडनला जाण्यापूर्वीच ही वाट आखूड होऊ लागली होती, आणि त्याची सुरुवात लंडनला न होता मुंबईच्या गोदीत झाली. वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट कॅप्टन जॉन विल्सन याच्या हुकमतीखाली २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या पोटात साडेपाच दिवस पुरेल इतकाच कोळसा मावेल अशी तिची बांधणी होती, आणि वाटेतील पहिला मुक्काम जे एडन, तेथे पोचावयास अकरा दिवस लागणार होते. मग करावयाचे काय? दिवाणखान्यात कोळसा भरला, उतारूंच्या खोल्यांत भरला, डेकवर ढीग रचले, आणि ती बोट पाण्यात इतकी खोल बसली की तिची चाके धड फिरतील की नाही याचीच शंका वाटू लागली. उतारूंस जागाच उरली नव्हती. एकुलता एक उतारू तेवढा तिच्यावर होता. एडनला ती लागली तेव्हा भट्टीत घालावयास सहा तासांपुरता कोळसा शिल्लक होता. एडन, जिद्दा, कोसेर असे मुक्काम करीत, जागजागी आगाऊ पाठवून ठेवलेला कोळसा भरून घेत, २२ एप्रिल रोजी ती सुएझला पोचली. या तेहतीस दिवसांपैकी प्रत्यक्ष चालण्याचे दिवस एकवीसच होते. बाकीचे सारे इंधन भरण्यात गेले. तरीही तिने नेलेली टपाल दोन महिन्यांच्या आत लंडनला पोचली आणि आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या केपच्या वाटेची मक्तेदारी संपुष्टात आल्याचे सर्वांना कळून चुकले.

मला वाटते, या प्रवासातील खरी महत्त्वाची गोष्ट बोटीची गती ही नसून कोळशाचे ते सहा तास ही आहे. या क्षणापासून मुंबई–लंडनचे अंतर मैलांत मोजण्याचे कारण उरले नाही. ते वाटेतील कोळशाच्या वखारींत मोजले जाऊ लागले, आणि वखार ज्याची, वाट त्याची, असा नियम झाला. मुंबई सरकारला हे समजावयास वेळ लागला नाही. १८३७ मध्ये ‘दर्या दौलत’ नावाचे जहाज एडनजवळ फुटले आणि त्यावरील यात्रेकरूंची लूट झाली, या निमित्ताने कॅप्टन हेन्स याने तेथील सुलतानाशी वाटाघाटी आरंभिल्या. त्या फिसकटताच १८३९ च्या जानेवारीत मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन काबीज केले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत जिंकलेला हा पहिला मुलूख. पुढे जवळजवळ शंभर वर्षे एडनचा कारभार मुंबई इलाख्याच्या दप्तरातून चालला, हे आज मुंबईतही फार थोड्यांच्या लक्षात आहे. ज्या १८३९ साली साताऱ्याच्या छत्रपतींना पदच्युत केले त्याच साली त्याच मुंबई सरकारने एडन घेतले. एका हाताने दाद मागणाऱ्याची वाट बंद करावयाची आणि दुसऱ्या हाताने आपली वाट मोकळी करावयाची, हे दोन्ही एकाच दप्तरात बसून चालले होते.

सुएझच्या पलीकडची वाट मिसर देशातून जात असे आणि तिच्याशी टॉमस वॅगहॉर्न या माणसाचे नाव कायमचे जोडलेले आहे. अलेक्झांड्रियाहून महमुदिया कालव्याने नाईलपर्यंत, नाईलवरून कैरोपर्यंत, आणि कैरोहून सुएझपर्यंत सुमारे ८४ मैलांचे वाळवंट दोन चाकांच्या घोडागाडीतून, मध्ये ठिकठिकाणी विश्रांतिगृहांत दम खात, असा तो प्रवास होता. उतारू गाडीत बसत आणि टपालीच्या पेट्या उंटांच्या पाठीवर लादल्या जात. सुएझच्या बोटींसाठी लागणारा कोळसासुद्धा उंटच वाहून नेत. १८४५ च्या ऑक्टोबरात १ तारखेला मुंबईहून सुटलेली टपाल वॅगहॉर्नने ट्रिएस्टच्या मार्गाने ३१ तारखेस लंडनला पोचवून दाखविली. पाच-सहा महिन्यांचा महिना झाला! हा मनुष्य पुढे पाच वर्षांच्या आतच कर्जबाजारी अवस्थेत वारला.

तारेचे जाळे समुद्रापार गेलेले नव्हते तोपर्यंत बातमीही टपालीच्याच वेगाने चाले. १० मे १८५७ रोजी मीरतेस उठाव झाला, आणि लंडनला त्याची वार्ता पोचली ती जूनच्या अखेरीस. साम्राज्याचा पाया हादरत होता तेव्हा साम्राज्याची राजधानी दीड महिना निश्चिंत होती. १८७० मध्ये मुंबई आणि इंग्लंड यांच्यामध्ये समुद्रतळाची तार सुरू झाली आणि मग मात्र बातमी व माणूस यांची फारकत झाली: शब्द काही तासांत पोचू लागला, माणूस तीन आठवड्यांनी.

तत्पूर्वीच, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला होता. दहा वर्षे चाललेल्या त्या खोदकामात आरंभीची वर्षे मिसरच्या शेतकऱ्यांकडून सक्तीच्या वेठीने काम करून घेतले गेले, ही गोष्ट कालव्याच्या वैभवाचे वर्णन करताना विसरली जाऊ नये. समुद्रमार्गाचे मुंबई–लंडन अंतर १०,७०० सागरी मैलांवरून सुमारे ६,३०० वर आले. मुंबई हे शहर तोवर पश्चिम किनाऱ्यावरील एक मोठे बंदर होते, ते आता हिंदुस्थानचा दरवाजा झाले. १८८० च्या आरंभी प्रिन्सेस डॉक उघडली, कापसाचे गठ्ठे आणि विलायती माल यांनी धक्के भरून वाहू लागले. ज्यूल व्हर्न याच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाच्या वेळापत्रकात लंडन ते सुएझ सात दिवस आणि सुएझ ते मुंबई तेरा दिवस, असा वीस दिवसांचा हिशेब आहे; ती कादंबरी १८७२ ची, आणि हा हिशेब कल्पित नसून त्या काळच्या आगगाड्यांचा व आगबोटींचा आहे. पुढे इटलीतील ब्रिंडिसी बंदरापर्यंत टपाल आगगाडीने आणून तेथून बोटीवर चढविण्याची व्यवस्था स्थिरावली, बोटींची यंत्रे सुधारली, आणि विसाव्या शतकात वीस दिवसांचे चौदा झाले. दर शनिवारी मुंबईहून मेल बोट सुटे. ४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने निघाले, आणि २९ ऑगस्ट १९३१ रोजी दुसऱ्या परिषदेसाठी महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटीने निघाले, हे दोन्ही दिवस शनिवारच होते. गांधीजी मार्सेलला उतरून १२ सप्टेंबरला लंडनला पोचले, म्हणजे बरोबर चौदा दिवस. रंगो बापूजींची चौदा वर्षे आणि हे चौदा दिवस यांमध्ये एका राष्ट्राच्या दाद मागण्याच्या पद्धतीचा सारा इतिहास सामावला आहे.

हा चौदा दिवसांचा वेग कोणाच्या घामावर उभा होता, तेही सांगितले पाहिजे. मेल बोटी चालविणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बहुधा गुजराथ-काठेवाडचे किंवा आमच्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत, जेवणाखाण्याची आणि खोल्यांची व्यवस्था गोव्याचे ख्रिस्ती खानसामे पाहात, आणि खाली भट्टीपाशी पंजाबी व पठाण आगवाले कोळसा लोटीत. वर पहिल्या वर्गाच्या डेकवर ताडपत्रीच्या सावलीत उतारू खुर्च्या टाकून बसत तेव्हा तांबड्या समुद्रातील उन्हाळ्यात त्या भट्टीखान्यात उभे राहणे म्हणजे काय असेल, याची कल्पना करवत नाही. पाळी संपवून वर आलेला आगवाला डेकवर मूर्च्छित पडावा, हे त्या वाटेवर नित्याचे होते. सर, सेक्रेटरी, बॅरिस्टर यांची चरित्रे लिहिली गेली; या माणसांची नावे बोटींच्या हजेरीपटांतच राहिली.

३० मार्च १९२९ रोजी, तोही योगायोगाने शनिवारच, इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची हवाई टपाल सुरू झाली, आणि वाटेचा दुसरा जन्म झाला. हवाई म्हणावयाची खरी; परंतु क्रॉयडनहून विमानाने बाझल, तेथून रात्रीच्या आगगाडीने जिनोआ, जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, पुन्हा आगगाडीने कैरो, आणि कैरोहून तीन यंत्रांच्या ‘हर्क्युलिस’ विमानाने गाझा, बगदाद, बसरा करीत इराणच्या किनाऱ्याने कराची, असा सात दिवसांचा हा विस्तार होता, आणि त्याचे भाडे १३० पौंड पडे. इराकच्या वाळवंटात वैमानिकाला दिशा सापडावी म्हणून जमिनीवर मैलच्या मैल नांगराची तास काढून ठेवली होती, आणि तीवर नजर ठेवून तो बगदादचा रस्ता धरी. कोळशाच्या जागी पेट्रोल आले इतकेच. नियम तोच राहिला. इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून विमाने जाऊ देण्यास नकार दिला तेव्हा १९३२ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्यावरील शारजाच्या शेखाशी करार करावा लागला. तेथे त्या काळी हिंदुस्थानचा रुपया चाले. विमान रात्रीचे उतरे, आणि उतारूंना निजावयास तटबंदीचे विश्रांतिगृह बांधण्यात आले.

१९२९ मध्ये आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील मार्ग एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. पुढल्या वर्षी अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडकडून इकडे निघाला, आणि जहांगीर रतनजी दादाभाई टाटा कराचीहून तिकडे निघाले. मिसरमधील अबुकीरच्या मैदानावर दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग काढून त्याला दिला, त्याने आपले पाण्यात तरंगण्याचे जाकीट त्यांना दिले, आणि दोघे आपापल्या दिशांनी उडाले. बक्षीस अस्पीला मिळाले. काही तासांच्या अंतराने जे. आर. डी. हरले. तीस वर्षांनी हाच अस्पी स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला पुढे जाण्याचे साधन आपल्या हाताने देणाऱ्या माणसाच्या हातून पुढे या देशाच्या विमानवाहतुकीचा पाया घातला जावा, हे मला फार सुलक्षणी वाटते.

विलायतेची हवाई टपाल कराचीस येई; आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच असली तरी तेथून मुंबईला आगगाडीने येण्यास दीड-दोन दिवस लागत, म्हणजे हजारो मैल सात दिवसांत आणि शेवटचे काहीशे मैल दोन दिवसांत! हा खोळंबा दूर करण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे मांडली, सरकारने अनुदान नाकारले, तरी काम सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. एकट्यानेच ‘पस मॉथ’ हे एका यंत्राचे छोटे विमान घेऊन कराचीच्या द्रिग रोड मैदानावरून निघाले. सामान काय, तर ५५ पौंड टपाल. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतले गेले. दुपारी दोन वाजण्यास दहा मिनिटे असताना विमान जुहूच्या मैदानावर उतरले, आणि तेथून व्हिन्सेंट पुढची टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे निघाला. जुहूचे ते मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात तेथे विमान उतरणे अशक्य, म्हणून ते चार महिने सारा बाडबिस्तरा पुण्यास हलवावा लागे. ‘ह्यू लिंडसे’च्या काळी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यासमोर आगबोटीचे काही चालत नसे; शंभर वर्षांनी तोच वारा आणि तोच पाऊस विमानालाही मुंबईच्या दारात उभा राहू देत नव्हता.

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्राची वाट मिटली. त्या पाच वर्षांविषयी येथे विस्तार करीत नाही. युद्धाने एक गोष्ट मात्र दिली: मोठी, चार यंत्रांची, उंचावरून जाणारी विमाने आणि त्यांना उतरता येतील अशा पक्क्या धावपट्ट्या. ८ मार्च १९४८ रोजी सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीने एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली, आणि तीनच महिन्यांनी, ८ जूनच्या रात्री, ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझहून लंडनला निघाले. कॅप्टन गझदर चालक, पस्तीस उतारू, त्यांत स्वतः जे. आर. डी.; मुक्काम दोनच, कैरो आणि जिनिव्हा; भाडे १,७२० रुपये. सुमारे ५,००० मैलांची ही वाट एका अहोरात्राच्या आसपास संपू लागली. स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते, आणि त्या विमानाच्या अंगावर लिहिलेले नाव आपल्या देशाचे होते. ज्या वाटेने दीडशे वर्षे हुकूम येत आणि अर्ज जात, त्या वाटेवरून आता आपले विमान आपल्या वेळापत्रकाप्रमाणे जाऊ लागले, हा अभिमान त्या पिढीने मनापासून बाळगला आणि तो सर्वस्वी रास्त होता.

त्याची किंमतही द्यावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनिव्हाकडे जाताना वादळी हवेत माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि आतील ४८ ही माणसे ठार झाली. त्यांत मोठा भरणा होता तो इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू होण्यास निघालेल्या खलाशांचा. शतकभर ज्यांच्या श्रमाने समुद्राची वाट चालली, त्यांच्यातलेच हे लोक आकाशाच्या वाटेवर गेले. त्यांच्या शोधार्थ निघालेला शामोनीचा वाटाड्या रने पायो हाही बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, त्याच पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे बोइंग विमान आदळले, ११७ जण दगावले, आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. जिनिव्हाचा मुक्काम या वाटेवर नसता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

हे बोइंग म्हणजे १९६० मध्ये आलेली जेट जातीची विमाने. त्यांनी चोवीस तासांचे जवळजवळ निम्मे केले, आणि पुढे मधला मुक्कामच नाहीसा होऊन नऊ-दहा तासांची अखंड झेप शक्य झाली. लंडनकडे जाताना समोरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यामुळे वेळ अधिक लागतो आणि परतताना कमी. शिडाच्या जहाजाला छळणारा वारा इतपत अजूनही आपला हक्क बजावतो.

समुद्राच्या वाटेचे मात्र जेथे सुरुवात झाली तेथेच येऊन थांबणे झाले. १९६७ च्या जूनमध्ये अरब–इस्रायल युद्ध पेटून सुएझचा कालवा बंद झाला आणि त्यात पंधरा जहाजे अडकून पडली ती आठ वर्षे. मुंबईचा माल लंडनला जावयाचा तर त्याला पुन्हा आफ्रिकेचा वळसा पडू लागला. इंधन घ्यावयास बोटी येईनात, तेव्हा एडनच्या बंदराचा व्यापार बसला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रज एडन सोडून गेले. ५ जून १९७५ रोजी कालवा पुन्हा खुला झाला खरा, पण तोवर उतारूंनी आकाशाची वाट कायमची धरली होती, आणि शनिवारी मुंबईहून विलायतेस सुटणारी मेल बोट पुन्हा सुरू करण्याचे कोणी मनातही आणले नाही.